याद्यांची सोयरीक

लग्नघरात पहिला कागद लिहिला जातो तो यादीचा. 'यादीपे शादी' हा शब्दप्रयोग आपल्याकडे उगाच रूढ झालेला नाही! देण्याघेण्याची यादी आटोपली की आमंत्रणाची यादी निघते, आणि खरी कसोटी तिथे लागते. वडिलांच्या यादीत 'कुलकर्णी मास्तर', आईच्या यादीत 'सुमनचे यजमान' आणि थोरल्या चिरंजीवांच्या यादीत 'हेडसर' अशी तीन माणसे असतात; जुळवून पाहावे तो असामी एकच! ज्याला तीन पत्रिका जातात तो हसून सोडून देतो. ज्याला एकही जात नाही, तो मात्र जन्मभर विसरत नाही.

याद्या एकत्र करणे, त्यांतली दुबार नावे काढणे आणि उरलेल्यांचे गट पाडणे, हे काम आज जगभरच्या व्यापाराचा कणा होऊन बसले आहे. संगणकावर ते क्षणार्धात होते. परंतु त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात व्यापाऱ्यांइतकेच शिरगणतीवाले, टपालखात्यातले अधिकारी आणि गणिती यांचेही हात लागलेले आहेत.

यादीची किंमत तिच्या लांबीत नसून मांडणीत असते, हे आपल्या तीर्थोपाध्यायांना फार पूर्वीच उमगले होते. नाशिक-त्र्यंबकेश्वरी जाऊन आडनाव आणि मूळ गाव सांगावे, की उपाध्ये नेमकी वही काढतात आणि पणजोबा केव्हा येऊन गेले ते दाखवतात. ढिगाऱ्यातून हवा तो माणूस काढायचा तर ढीग आधी कुळावार, गावावार लावलेला हवा, हे त्यातले मर्म.

व्यापारात हे मर्म ज्यांनी प्रथम ओळखले त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील शिकागो शहराचा ॲरन माँटगोमेरी वॉर्ड. १८७२ साली त्याने एका कागदावर मालाची किंमतयादी छापली आणि टपालाने माल विकण्याचा उद्योग सुरू केला. खेड्यातला शेतकरी गावच्या दुकानदाराच्या भावाला विटलेला होता. 'ग्रेंज' नावाची शेतकऱ्यांची संघटना १८६७ पासून त्यांना एकत्र आणीत होती. वॉर्डने आपली पेढी या संघटनेची पुरवठादार म्हणून मिरवली आणि तिच्या सभासदांना आपले गिऱ्हाईक केले. ज्या माणसांना एकत्र आणण्याचे कष्ट दुसऱ्याने घेतले होते, तीच याला गटाने मिळाली.

त्याचा प्रतिस्पर्धी रिचर्ड सीअर्स याने १९०५ साली आयोवा प्रांतात एक नामी युक्ती योजली. त्याने आपल्या चांगल्या गिऱ्हाइकांना लिहिले, की आम्ही चोवीस सूचिपत्रे पाठवतो, ती आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटा. त्यांच्याकडून जशी मागणी येईल तसे तुम्हाला बक्षीस मिळेल. ज्याचे घर चांगले त्याचा शेजारही बहुधा चांगला, हा त्यातला हिशेब. पुढे संगणकवाल्यांनी याच हिशेबावर इमले उभारले.

याद्या वाढल्या तशी लेखणी अपुरी पडू लागली. जोसेफ डंकन नावाच्या आयोवातल्याच एका गृहस्थाने पत्ते छापणारे यंत्र तयार केले; १८९६ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. पुढे या यंत्रात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाची एक धातूची पट्टी असे आणि पट्टीच्या कडेला खुणेच्या चिपा लावता येत. अमुक चिपेच्या पट्ट्याच तेवढ्या छापायच्या म्हटले की तेवढेच लिफाफे बाहेर पडत. त्याच सुमारास, १८९० च्या अमेरिकन शिरगणतीत, हर्मन होलेरिथ याच्या भोके पाडलेल्या कार्डांनी सुमारे ६ कोटी २९ लाख लोकांची मोजदाद केली. प्रत्येक माणूस म्हणजे एक कार्ड, आणि त्याचे वय, धंदा, जन्मस्थान म्हणजे भोके. आता 'माणसे किती' एवढेच नव्हे, तर 'अमुक वयाची, अमुक धंद्यातली माणसे किती' हेही यंत्र सांगू लागले. होलेरिथची कंपनी पुढे ज्या संस्थेत विलीन झाली, तिचेच नाव १९२४ साली आयबीएम झाले.

येथवर एकाच यादीचे गट पाडण्याची सोय झाली. दोन परक्या याद्यांची सोयरीक जुळवणे मात्र अवघडच होते. कारण नाव हे मोठे मायावी प्रकरण आहे. रॉबर्ट रसेल याने १९१८ साली त्यावर एका तोडग्याचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. त्यातून पुढे जी साउंडेक्स पद्धत रूढ झाली तिच्यात 'स्मिथ' काय आणि 'स्मायथ' काय, दोघेही एकाच कप्प्यात पडतात.

१९४६ साली हॅल्बर्ट डन या आरोग्यसांख्यिकीच्या जाणकाराने एकाच माणसाच्या विखुरलेल्या नोंदी जोडण्याच्या कामाला नाव दिले आणि त्याचे महत्त्व पटवले. १९५९ मध्ये कॅनडाच्या हॉवर्ड न्यूकोम याने ते संगणकावर करून दाखवले, आणि १९६९ मध्ये इव्हान फेलेगी व ॲलन सन्टर यांनी त्याला पक्के गणिती अधिष्ठान दिले. त्यातली एक कल्पना तर घरगुती शहाणपणाची आहे. दोन याद्यांत 'पाटील' जुळले म्हणून हुरळून जाऊ नये, कारण पाटील गावोगाव आहेत. पण एखादे दुर्मीळ आडनाव दोन्हीकडे आढळले, तर तो एकच माणूस असण्याचा संभव कितीतरी अधिक. मग जन्मवर्ष, गाव, घरक्रमांक यांच्या जुळण्या-न जुळण्याला कमीअधिक गुण द्यायचे आणि बेरजेवरून निवाडा करायचा. आपले लोक सोयरीक ठरवताना याहून वेगळे काय करतात?

मराठी नावांपुढे हे गणितही कधीकधी हात टेकते. वि. ग. कुलकर्णी आणि विनायक गणेश कुलकर्णी एकच की दोन? माहेरची कुसुम सासरी मालती झाली, तर यंत्राने तिला ओळखावे कसे? आणि इंग्रजीत लिहिताना वसंतरावांचा 'व' दोन तऱ्हांनी लिहिला गेला, की एकाच वसंतरावांचे दोन वसंतराव होतात!

नावाने दगा दिला तरी पत्ता हाती राहतो. अमेरिकेत १ जुलै १९६३ पासून टपालासाठी पाच आकडी झिप क्रमांक आला. पत्रे वेगाने वाटली जावीत एवढाच त्याचा मूळ उद्देश. परंतु जोनाथन रॉबिन याने शिरगणतीचे आकडे या क्रमांकांशी जोडले आणि १९७४ साली साऱ्या देशातील वस्त्यांचे चाळीस गट पाडले. आता केवळ पत्त्यावरून माणसाच्या घरी कोणती मोटार असेल आणि कोणते मासिक येत असेल, याचा अदमास बांधता येऊ लागला. सीअर्सचे शेजाऱ्यांचे गणित ते हेच.

आपल्याकडचा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला, आणि तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी असून शिवाय संस्कृतचे कवी आणि नाटककार होते! वडगाव, पिंपळगाव अशा एकाच नावाची गावे आपल्याकडे किती, आणि पत्ते लिहिण्याच्या भाषा किती! त्या गोंधळावर सहा आकडे हा उतारा ठरला. गोव्याची पत्रे ४०३ ने ओळखावीत आणि मुंबईच्या मुख्य टपालघराची ४००००१ ने, ही शिस्त एका संस्कृत कवीने घालून दिलेली आहे.

आजच्या बाजारी संगणकप्रणालीत नावाऐवजी भ्रमणध्वनीचा क्रमांक वा ईमेलचा पत्ता हा जुळणीचा धागा असतो. कृती तीनच. दोन्ही याद्यांतले सगळे, ही बेरीज. दोन्हींत असलेले तेवढेच, हा छेद. आणि एकीत आहेत पण दुसरीत नाहीत, ही वजाबाकी. एखाद्या साडीविक्रेत्याकडे गेल्या दिवाळीच्या खरेदीदारांची एक यादी आहे आणि यंदाच्यांची दुसरी. वजाबाकी केली की गेल्या वर्षी येऊन यंदा न फिरकलेली मंडळी हाती लागतात. त्यांची विचारपूस वेगळी, नित्याच्या गिऱ्हाइकाची वेगळी. त्यातही घरातले तिघे एकच क्रमांक वापरत असले, तर आजोबांना पैठणीचे निमंत्रण जायचे!

इथवर सारे गमतीचे. पण हीच बेरीज-वजाबाकी दुसऱ्या हाती पडली तर काय होते, हे हॉलंडने पाहिले. याकोब लेंट्झ या सरकारी अधिकाऱ्याने तिथे रहिवाशांची अत्यंत चोख नोंदवही उभारली होती. १९४० साली जर्मनांनी देश घेतला आणि ती आयती त्यांच्या हाती पडली. ज्यूंची सक्तीने घेतलेली नोंद आणि रहिवाशांचे दफ्तर एकत्र आले, की कोण कुठे राहतो हे शोधायला वेळ लागत नव्हता. तिथल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही कलावंत आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले आणि त्यांनी ते स्फोटाने पेटवले. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनीही मुद्दाम उशीर केला आणि कागद भिजून निकामी व्हावेत म्हणून वाजवीपेक्षा अधिक पाणी ओतले. दफ्तराचा काही भागच नष्ट झाला, आणि त्या वीरांपैकी बाराजणांना १ जुलै १९४३ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. एका यादीसाठी माणसांनी प्राण दिले.

म्हणूनच यादीत नाव असणाऱ्याचाही यादीवर हक्क आहे, हा विचार हळूहळू मूळ धरू लागला. १९९० साली लोटस आणि इक्विफॅक्स या अमेरिकन कंपन्यांनी सुमारे १२ कोटी लोकांची माहिती तबकडीवर घालून विकण्याचे जाहीर केले, तेव्हा सुमारे ३० हजार लोकांनी आपली नावे काढा म्हणून कळवले, आणि जानेवारी १९९१ मध्ये तो बेत सोडावा लागला. आपल्याकडे नकोशा दूरध्वनींसाठी २००७ साली नोंदवही आली, आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने संमत केला.

त्या नोंदवहीची मौज अशी, की यादीत नको असणाऱ्यांचीही शेवटी यादीच करावी लागते! आणि याद्या जोडताना सर्वांत जपायची तीच असते. एका यादीत माणसाने 'हो' म्हटलेले असते, दुसरीत 'नको'. दोन्हींची सोयरीक झाली, की निष्काळजी कारभाऱ्याच्या हातून 'नको' पुसला जातो आणि 'हो' तेवढा उरतो. जाणता कारभारी 'नको' ची यादी सर्वांत शेवटी वर ठेवून तपासतो आणि तीत सापडेल ते नाव मुकाट्याने वगळतो.

लग्नघरातली जाणती आजीही हेच करीत असे. साऱ्या याद्या लिहून झाल्या की ती त्या वाचून घेई आणि एखाद्या नावाशी थांबून म्हणे, "त्यांच्या घरी यंदा सुतक आहे, अक्षत देऊ नका, नुसते भेटून या."