कुंभकोणची शनिवारची रात्र

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोण हे देवळांचे गाव. शनिवारी सायंकाळी तेथे पितळी भांड्यांची दुकाने, विड्याच्या पानांचे ढीग आणि कॉफीचा दरवळ यांचेच राज्य असते. पुढे शार्ङ्गपाणी आणि कुंभेश्वर यांची शेजारती होते, महाद्वारे मिटतात आणि बाजाराचा गलबला ओसरतो. अशा वेळी एखाद्या भजनमठात मध्यभागी समई ठेवली जाते, झांजा वाजू लागतात आणि तमिळ कंठांतून तुकोबांचा अभंग उमटतो. या रात्रीला इतिहास आहे, आणि त्यात आपलाही थोडा वाटा आहे.

व्यंकोजी भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावरास राज्य स्थापिले. ते १८५५ साली खालसा झाले. राजांबरोबर समर्थ संप्रदायाचे मठ आले, कीर्तनकार आले. त्याच कावेरीकाठी गोविंदपुरचे बोधेंद्र आणि तिरुविसनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ यांनी नामसंकीर्तनाचा मार्ग घालून दिला. पुढे मरुदनल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी भजनाला निश्चित क्रम दिला. ही तिन्ही गावे कुंभकोणच्या आसपासचीच. या परंपरेत जयदेवाची अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, भद्राचल रामदासांची तेलुगू पदे, पुरंदरदासांची कानडी पदे आणि मराठी अभंग एका माळेत गुंफले गेले.

पण शनिवारच का? जागराची जुनी रात्र एकादशीची. ती तिथी चंद्रावर चालते. कोणत्याही वारी येते. शनिवार हा तमिळ देशी पेरुमाळचा वार खरा, आणि पुरट्टासी महिन्यातले शनिवार तर विशेष पुण्याचे. परंतु रात्र जागवायची तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी हवी. कुंभकोणास १८५४ साली सरकारी विद्यालय निघाले, १८६६ मध्ये नगरपालिका झाली, १८७७ मध्ये आगगाडी आली. कारकून, वकील आणि शिक्षक यांचा वर्ग वाढला; त्याचे जीवन पंचांगापेक्षा कचेरीच्या घड्याळाला अधिक बांधले गेले. रविवारच्या सुटीने त्याला शनिवारची रात्र दिली. आमच्या मते, एकादशीचा जागर शनिवारी आला तो बहुधा याच वाटेने. मिल्टन सिंगर या अमेरिकी विद्वानाने मद्रासच्या राधाकृष्ण भजनांवर १९६३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातही भजन करणारा वर्ग पुष्कळसा नोकरदारच दिसतो.

या चित्राला काळी बाजूही आहे. पंढरीच्या वाटेवर नाना जातींचे लोक एका दिंडीत चालतात. कुंभकोणचे भजन मात्र बहुतांशी अग्रहारापुरतेच राहिले. अभंग आला, पण त्यामागचा जनसमुदाय आला नाही. शिवाय गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना मराठी येत नाही. तमिळ लिपीत उतरलेले शब्द ते भक्तीने म्हणतात. हे ऐकून मराठी मनुष्याची छाती फुगते. पण त्याच वेळी त्याने थोडे अंतर्मुखही व्हावे. तंजावरी मराठी घरांतूनही ही भाषा आता स्वयंपाकघराकडे सरकली आहे.

मग अर्थावाचून उरलेला अभंग हे जतन म्हणावे की ऱ्हास? आम्हांस दोन्ही वाटते. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. सिंहासन गेले, दरबार गेला, राजाश्रय आटला. तरी अभंग टिकला, कारण काही माणसांनी त्याच्यासाठी आठवड्यातील एक रात्र राखून ठेवली. परप्रांती राहणारे आपण मराठीच्या भवितव्याची चिंता संमेलनांतून पुष्कळ करतो. कुंभकोणच्या मठातील ती समई आपल्याला एवढेच विचारते, की तुमच्या घरी मराठीसाठी राखलेली रात्र कोणती?