भूकंप आणि सिमेंटचीं घरें

१० जुलै २०२४ रोजीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत रिश्टर मापानें ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे हादरे शेजारच्या वाशिम जिल्ह्यांतही जाणवले. मोठी हानि झाली नाहीं. परंतु एक प्रश्न मात्र मागें राहिला. रिसोड तालुक्यांतील केनवडसारख्या गांवांतून माती-दगडाच्या जुन्या घरांच्या जागीं आतां सिमेंटचे खांब आणि स्लॅब उभे राहत आहेत. अशा घरास भूकंपाचें भय नाहीं, ही समजूत सर्वत्र रुजली आहे. ती कितपत खरी आहे, याचा निवाडा गेल्या साठ वर्षांचा इतिहासच करूं शकेल.

दख्खनचें पठार अचल आहे, असा विश्वास फार काळ होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटें कोयनेच्या भूकंपानें तो ढासळला. सुमारें पावणेदोनशें माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि कोयनानगरांतील घरें उद्ध्वस्त झालीं. १०३ मीटर उंचीचें काँक्रीटचें धरण फुटलें नाहीं. मात्र त्याच्या वरच्या भागांत आडव्या भेगा पडल्या. काँक्रीटचा स्वभाव त्या भेगांनीं उघड केला. तें दाब पुष्कळ सोसतें, पण ताण येतांच चिरतें. धरणाच्या प्रचंड देहास स्वतःच्या वजनाचा आधार असतो. घराच्या सडपातळ खांबांस तो नसतो. म्हणून खांबांत व तुळयांत ताण सोसण्यासाठीं लोखंडी सळया घालतात. यासच लोक आर.सी.सी. म्हणतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीचा शीण उतरण्यापूर्वींच, पहाटें चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळच्या भूकंप-नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. तरीही लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. तेथील भिंती जाड खऱ्या, पण अनघड दगडांच्या आणि चिखलांत रचलेल्या होत्या. वर मातीचें जड माळवद. भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या थरांस सांधणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्यासरशी दोन्ही थर फुगून विलग झाले, कोसळले, आणि निजलेलीं माणसें ढिगाऱ्याखालीं गेलीं. दगडानें मारलें, आतां सिमेंटच तारील, असें लोकांच्या मनानें घेतलें. यांतलें पहिलें विधान बरेंचसें खरें होतें. दुसरें मात्र अपुरें होतें.

तें अपुरें असल्याचा पुरावा जगापुढें पूर्वींच आला होता. २७ मार्च १९६४ रोजीं अलास्कांतील महाभूकंपांत अँकोरेज शहरांतल्या दोन चौदा मजली आर.सी.सी. इमारती उभ्या राहिल्या. पण त्यांच्या खिडक्यांवरच्या आंखूड तुळया एकामागून एक मजल्यावर फुलीच्या आकारांत फाटल्या. दोन उंच भिंतींना जोडणारी अशी तुळई भूकंपांत विलक्षण ओढाताणींत सांपडते. भिंती एका बाजूस कलल्या कीं तुळईचें एक टोंक वर उचललें जातें, दुसरें खालीं दबतें. पुढच्याच क्षणीं याच्या उलट होतें. आडव्या सळया आणि उभ्या रिंगा असूनही ती तिरपी चिरत जाते.

न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठांत टॉमस पॉले यांनीं अशा तुळयांवर प्रयोग केले आणि सळयांच्या जुड्या कोंपऱ्यापासून कोंपऱ्यापर्यंत तिरप्या, फुलीसारख्या घालण्याचा मार्ग दाखविला. फाटकाची चौकट लोंबूं नये म्हणून सुतार तिरपी पट्टी ठोकतो; त्यांतलेंच हें तत्त्व. तुळई कोणत्याही बाजूस ओढली गेली तरी एक जुडी ताण घेते, दुसरी दाब घेते. तुळई तडकते, पण तुटत नाहीं; धक्क्याचा पुष्कळसा जोर स्वतः जिरवून ती भिंतींना वांचविते. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९३ सालच्या १३९२० क्रमांकाच्या मानकांत ही रीत समाविष्ट झाली. खेड्यांतल्या लहान घरास अशी तुळई लागत नाहीं. पण तिचा धडा तेथील खांबासही लागूं आहे. लोखंड किती घातलें, याइतकेंच तें कोठें व कसें बांधलें, हेंही महत्त्वाचें आहे.

हा धडा न पाळल्याचें फळ २६ जानेवारी २००१ रोजीं दिसलें. भूकंपाचा केंद्रबिंदु कच्छमध्यें होता; परंतु दोनशें किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेंत आर.सी.सी.च्या कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेंकडों माणसें गेलीं. त्यांतल्या पुष्कळ इमारतींचा तळमजला मोटारींसाठीं भिंतींवांचून मोकळा होता. वरचे मजले भिंतींनीं ताठ आणि खालीं नुसते खांब, त्यामुळें सारा हेलकावा खांबांवर आला. जेथें रिंगा विरळ होत्या आणि त्यांचीं टोंकें नुसतीं काटकोनांत वळविलेलीं होतीं, तेथें काँक्रीटचें कवच फुटतांच रिंगा उघडल्या, उभ्या सळया वाकल्या आणि खांब चिरडले. सिमेंटही होतें, लोखंडही होतें. नव्हती ती बांधणी.

२००२ सालच्या सुधारित मानकांत भूकंप-नकाशांतला सर्वांत कमी धोक्याचा पहिला पट्टाच रद्द झाला. देशांतील कोणतीही भूमि निर्धास्त मानूं नये, असाच याचा अर्थ. जेथें भूकंपाचा धोका आहे तेथील खांबांविषयीं मानकाची मागणी अवघड नाहीं. खांबाच्या दोन्ही टोंकांशीं रिंगांमधलें अंतर दहा सेंटिमीटरांहून अधिक नसावें आणि रिंगेचीं टोंकें १३५ अंशांत वळवून आंतल्या गाभ्यांत शिरवावीं. त्यास लागतें तें थोडें अधिक लोखंड, आणि कारागिराचे थोडे अधिक श्रम.

चिखलांत रचलेल्या दगडी भिंतीचा दोष जाणत्या डोळ्यांस केव्हांही दिसतो. खांबांतल्या रिंगेचा दोष काँक्रीट ओतलें कीं झांकला जातो, आणि मग तो भूकंपच उघड करतो. म्हणून केनवडला काय किंवा मुंबईस काय, घर बांधणाऱ्यानें काँक्रीट ओतण्यापूर्वीं सळयांचा सांगाडा स्वतः उभें राहून, जाणकाराकडून तपासून घ्यावा. तो दिवस टळला कीं मग पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं.