पंगत, उंबरा आणि म्हातारपण

म्हातारपणी माणसाने एकट्याने जेवू नये, असा उपदेश अलीकडे पुष्कळ ऐकू येतो. डॉक्टर सांगतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून लिहिले जाते, ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यांत व्याख्याने होतात. एकटा जेवणारा म्हातारा दोन घास कमी खातो, कालचेच गरम करून घेतो, एखाद्या वेळी चहा-बिस्किटावरच भागवतो. हे सारे खरे आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो या उपदेशाच्या पोटात बसलेल्या एका गृहीतकाशी. पूर्वी आपल्याकडे सगळे एकत्र जेवत असत; शहरे वाढली, कुटुंबे विभक्त झाली आणि म्हातारी माणसे ताटावर एकटी पडली, असे ते गृहीतक. हे 'आपल्याकडे' म्हणजे कोणाकडे? आणि 'सगळे' म्हणजे कोण? कोणी कोणाच्या शेजारी बसावे, कोणाच्या हातचे खावे, कोणाची सावली ताटावर पडू नये, याचे नियम ज्या समाजाने धर्म म्हणून पाळले, त्या समाजाच्या गतकाळात असले 'सगळे' शोधून सापडतील काय?

पंगत हा शब्द आपण मोठ्या प्रेमाने वापरतो. पण पंगत म्हणजे ओळ, आणि ओळीतून कोणाला तरी वगळल्याखेरीज ओळ पुरी होत नाही. ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी, इतर बलुतेदारांची त्याच्या मागून. पुरुष उठल्यावर बायका. महार-मांग वाड्याबाहेर, उकिरड्याच्या अंगाला, पत्रावळी कधी बाहेर पडतात याची वाट पाहत. लग्नघरचे जेवण गावातल्या प्रत्येकाच्या पोटात जाई हे खरे. पण ते कोणत्या वेळी आणि कोणत्या रूपात जाई, त्यावर माणसाची किंमत ठरे.

या व्यवस्थेत म्हातारपणाचे एकटे जेवणही एका जातीचे नव्हते. उच्चवर्णीय घरातला वृद्ध सोवळे नेसून, पाटावर, पानाभोवती पाणी फिरवून एकटा जेवे, तेव्हा त्याच्या एकटेपणाला मान होता. घरातल्यांनी त्याच्या जवळपास फिरकायचे नाही, मुलांनी शिवायचे नाही. त्याच घरातली केशवपन केलेली म्हातारी एकवेळ जेवे, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, स्वतः रांधून. तिचा एकटेपणा ही शिक्षा होती आणि तिला व्रताचे नाव दिले गेले होते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. बाहेरून आलेले जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत ते वेड गेले होते. त्याच लक्ष्मीबाईंनी, नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर, प्रथम आपली चूल वेगळी ठेवली, मग हळूहळू सोवळे सोडले आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. एका माणसाला एका पंगतीतून दुसऱ्या पंगतीत जायला इतकी वर्षे लागली, आणि तीही बुद्धीने तल्लख, विनोदबुद्धीची बाई होती म्हणून. एरवी पुष्कळांना आयुष्य पुरले नाही.

आता महारवाड्याकडे वळू. वतनदारीत येसकराची पाळी असे. पाळीचा महार हाती घुंगराची काठी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन दिवेलागणीला दारोदार फिरे, जोहार घाली, आणि घराघरातून पडतील ते भाकरीचे तुकडे, कोरड्यास, शिळेपाके एकत्र घेऊन परते. दहा घरांचे कालवण एका भांड्यात. ते घरी आल्यावर खऱ्या अर्थाने जेवण सुरू होई. म्हातारा सासरा, पोरे, शेजारची एखादी निराधार बाई, सारे त्या टोपल्याभोवती. येथे एकट्याने जेवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वेगळे काढून ठेवण्याइतके अन्न कोणाकडेच नव्हते. आमच्यातले काही लेखक या टोपल्याच्या आठवणीने हळवे होतात. मला ते पटत नाही. त्या टोपल्याभोवतीही एक क्रम होता आणि त्या क्रमात सून शेवटी होती. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातल्या सुनांचे हाल आडपडदा न ठेवता लिहिले आहेत. गावाने आम्हाला शेवटी बसवले आणि आम्ही आमच्या बायकांना त्याहून शेवटी बसवले, हे मान्य करायला आपल्या चळवळीला फार वेळ लागला.

माझी आजी अशीच येसकराच्या घरात सून म्हणून आली. १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द होण्यापूर्वीची दोन-तीन वर्षे ती सासूबरोबर भाकरी मागायला गेली आहे. तिला मी एकदा विचारले, "आजी, तुझ्या तरुणपणी तू एकटी कधी जेवलीस का?" ती म्हणाली, "येकटी कवाच न्हाई जेवले, बाबा. समद्यांच्या मागून जेवले." मागून जेवणे म्हणजे प्रत्यक्षात एकटे जेवणेच, हे तिच्या लक्षात आले नव्हते असे नाही. पण तिच्या हिशेबात तो प्रकार वेगळा होता.

सुधारकांनी जेवणाचा प्रश्न हाती घेतला त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी निघाली. सभासद होताना पाववाल्याचा पाव खावा लागे, आणि हे सारे गुप्तपणे. सभासदांची नावे बाहेर फुटण्याची वेळ आली तेव्हा मंडळी मोडली. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसह अनेकांवर ग्रामण्य झाले आणि खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. ज्यांच्या विद्वत्तेचा दबदबा साऱ्या हिंदुस्थानात होता ते पन्नाशीतले गृहस्थ एका चहाच्या पेल्यासाठी मान खाली घालतात! व्यक्तिशः रानड्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. पंगतीतून उठवले जाण्याचे भय केवढे मोठे होते, उतारवयात आप्तेष्ट पानावर येणार नाहीत ही धमकी किती परिणामकारक होती, ते या प्रसंगातून दिसते. जो दंड रानड्यांना दोन वर्षे सोसवला नाही, तो आमच्या माणसांनी जन्मभर सोसला, आणि त्यांच्यासाठी कोणते प्रायश्चित्तही उपलब्ध नव्हते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगळी रीत अवलंबिली. त्यांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः गाडी थांबवून, सोबतच्या सरदारांसह, तेथला चहा घेतला. येथे वाढणारा हात अस्पृश्याचा होता, हा फरक मोठा आहे. एरवीच्या बहुतेक सहभोजनांत यजमान सवर्ण असे आणि आम्ही पाहुणे असू. १९२७ साली स्थापन झालेल्या समाज समता संघाने सहभोजने घडवून आणली. १९२८ साली पुण्यात श्रीधरपंत टिळकांनी तर प्रत्यक्ष गायकवाडवाड्यात अस्पृश्यांसह सहभोजन केले. त्या तरुणाचे धाडस थोर होते. तरीही एकूण सहभोजनांबद्दल माझ्या मनात एक प्रश्न राहतोच. त्यांचे वृत्तान्त छापून आले, कोण कोण पुढारी बसले त्यांची नावे आली. पण दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ कोठे जेवले, त्यांची आई कोणाबरोबर जेवली, हे कोणी लिहिले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात ही मर्यादा स्पष्ट केली आहे. सहभोजनाने जातीची भावना मरत नाही, एकमेकांत जेवणाऱ्या जातींतही जात शिल्लक राहते, हे त्यांचे प्रतिपादन. ते भाषण मंडळाला पेलवले नाही आणि अधिवेशनच रद्द झाले.

पण अन्नाचा प्रश्न बाबासाहेबांनी गौण मानला असे कोणी समजू नये. महाड आठवावे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, हे आपण दरवर्षी सांगतो. त्या परिषदेला कसे लोक आले होते, ते धनंजय कीरांनी नोंदवले आहे. पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत, शंभर शंभर मैलांवरून, खांद्याला भाकरीची पिशवी अडकवून. परिषदेला लागणारे पाणी गावातून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले होते. त्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्याने आयुष्यभर गावाचे उष्टे खाल्ले त्याने त्या दिवशी घरून स्वतःची भाकरी आणली होती. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे बजावून सांगितले. आणि मग काय झाले? अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून जमाव चालून आला तेव्हा काही लोक घरोघर परतत होते, काही मंडपात जेवत बसले होते. जमावाने माणसांना मारले आणि शिजलेले अन्न मातीत कालवले. मारहाण समजू शकते. द्वेषाला ती सुचतेच. पण अन्न मातीत का कालवावे? कारण ते अन्न उष्टे नव्हते. आपल्या कमाईचे, आपल्या मंडपात, आपल्या माणसांच्या ओळीत बसून खाल्लेले ते जेवण होते, आणि गावाला पाण्याइतकेच ते झोंबले. त्या मंडपात जेवता जेवता उठवल्या गेलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला रात्री परतीच्या वाटेवर काय वाटले असेल, याची नोंद कोठे नाही.

पुढची पंगत वसतिगृहातली. १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू केले. तेथे लक्ष्मीबाईंनी रांधले आणि प्रसंगी मंगळसूत्रही मोडले. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह सोलापुरात निघाले. नंतर १९५० साली औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय. खेड्यातून आलेल्या पोराने ताट हाती घेऊन रांगेत उभे राहणे आणि दुसऱ्याच्या बरोबरीने बसून गरम भाकरी मागून घेणे, ही गोष्ट आज साधी वाटते. त्या पिढीच्या कोणालाही विचारा, तो प्राध्यापकांची नावे विसरला असेल, मेसमधल्या आमटीची चव विसरलेला नाही.

ती पिढी आता म्हातारी झाली. नोकऱ्या केल्या, कॉलन्यांत घरे बांधली, मुले पुण्या-मुंबईला, काहींची परदेशी गेली. माझ्या परिचयाचे असे एक निवृत्त गृहस्थ आहेत. पत्नी वारल्यानंतर ते एकटेच जेवतात. ज्येष्ठ नागरिकांच्या एका सहलीला ते गेले. सर्वांनी घरून डबे आणायचे आणि मधे ठेवायचे असे ठरले होते. यांच्या डब्यातली भाजी तशीच राहिली. कोणी काही बोलले नाही, मोठ्या आदराने 'साहेब' म्हणूनच वागवले. पुढच्या सहलीला ते गेले नाहीत. घरी त्यांना सुनेचा फोन येतो, "बाबा, एकटे एकटे जेवू नका, लोकांत मिसळा." ते "हो" म्हणतात. या 'हो'मध्ये काय काय आहे ते त्या उपदेश करणाऱ्या पुरवण्यांना कधी कळणार?

मात्र गावाकडे बोट दाखवून माझी सुटका होत नाही. माझी आजी आता आमच्याबरोबर तालुक्याच्या गावी राहते. घरात जेवणाचे टेबल आहे. आम्ही नवरा-बायको महाविद्यालयातून येतो, मुलाला घेऊन टेबलावर बसतो, आणि आजी ताट घेऊन स्वयंपाकघरात दाराआड भिंतीला टेकून जेवते. तिला खुर्चीवर पाय लोंबकळतात, घास उतरत नाही, असे ती सांगते. आम्ही ते सोयीने खरे मानले. सभांतून समतेवर बोलणारा मी, चार वर्षे माझ्या आजीला उंबऱ्यापलीकडे जेवताना रोज पाहत होतो.

तिच्या आयुष्यातले चांगले जेवण कोणते, असे मी तिला विचारले तेव्हा मला वाटले होते ती एखादे लग्न सांगेल. तिने १९७२ च्या दुष्काळातले खडी फोडण्याचे काम सांगितले. दुपारच्या सुट्टीत दहा-बारा बाया खडीच्या ढिगाआड सावली धरून बसत; मिलोच्या लाल भाकरी, वाटलेली मिरची, कधी सुकडी. मागून जेवायला तेथे कोणी नवरे, सासरे नव्हते. सगळ्या एकदम बसत. "पर वाड्यावार बसायचो," तिने आपण होऊन सांगितले. मराठ्यांच्या बाया वेगळ्या, आम्ही वेगळ्या, आणि मांगवाड्याच्या बाया आणखी पलीकडे. "त्यांच्यातलं आमी घेत नव्हतो."

हे आपण लपवू नये. ज्या पायऱ्यांनी आम्हाला खाली ठेवले त्यांतली एक पायरी आम्हीही जपली. हॉटेलच्या वेगळ्या कपबशीबद्दल आपण मोर्चे काढले. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाई मातंग समाजातल्या आहेत, साठीच्या आहेत. त्या आल्या तेव्हा आजीने त्यांच्यासाठी एक कान तुटलेला कप खिडकीत वेगळा काढून ठेवला. मी रागावलो, भांडलो, बाबासाहेबांचे नाव घेतले. तिने ऐकून घेतले आणि कप तेथेच राहू दिला.

तो कप कधी गेला ते मला ठाऊक नाही. आम्ही दोघे सकाळी बाहेर पडलो की घरात त्या दोघीच असतात. मागच्या पावसाळ्यात तब्येत बरी नव्हती म्हणून मी दुपारी लवकर घरी आलो. स्वयंपाकघरात दाराआड दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मधे एकच परात, त्यात भाकरी कुस्करून वर कालवण ओतलेले. मला पाहून बाई उठू लागल्या. आजीने त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवले आणि मला म्हणाली, "तू जा टेबलावर बस. आमचं अजून व्हायचंय."