मतपेटी, मतयंत्र आणि पुरावा

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत (१९५१-५२) प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. मतदाराने खूण न करता मतपत्रिका हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाकायची. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नंतर आली. मतदानयंत्र प्रथम वापरले गेले ते १९८२ मध्ये, केरळातील परवूर येथे. कायद्यात तरतूद नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे फेरमतदानाचा आदेश दिला. पुढे कायदा बदलला आणि २००४ ची लोकसभा देशभर यंत्रांवर झाली.

पण यंत्रातील नोंद बरोबर आहे हे मतदाराला कसे कळावे? म्हणून २०१३ पासून कागदी चिठ्ठी आली. ती काचेआड ७ सेकंद दिसते आणि बंद पेटीत पडते. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून आकडे पडताळले जातात.

होटगी ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले होते. जमावबंदीमुळे ते झाले नाही. झाले असते तर शंका फिटली असती का? तोच माणूस दुसऱ्यांदा वेगळे मत देऊ शकतो. म्हणजे तो नवा प्रयोग ठरला असता. जुन्या प्रयोगाचा पुरावा जुन्या चिठ्ठ्यांतच असतो. मात्र ज्याला शंका आहे, त्याच्यासमोर त्या मोजता आल्या पाहिजेत.