वराडचा लिओ

जून २०१७मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा नोएडात आमच्या शेजारच्या मालवणी काकूंनी पेढे वाटले. ‘आमच्या वराडचो झील!’ मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉ. अशोक वराडकर त्याचे वडील, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तो समलिंगी आहे हे मात्र गाळलं. मीही गप्प पेढा खाल्ला. कलम ३७७ तेव्हा माझ्यावर लागू होतं.

आणखीही एक गोष्ट गाळली जात होती, ती माझ्याकडून. मला तो ‘आपला’ वाटायचा, पण त्याचं राजकारण माझं नव्हतं. २००७मध्ये डब्लिन वेस्टमधून निवडून आलेला हा डॉक्टर फिन गेल या उजवीकडे झुकलेल्या पक्षाचा. समाजकल्याण खात्याचा मंत्री असताना सरकारी भत्ते लाटणाऱ्यांविरुद्ध त्याने जाहिरातींची मोहीम चालवली. आणि २०१०मध्ये, समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीकृत सहजीवनाच्या विधेयकावर बोलताना, प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोघंही मिळण्याचा हक्क आहे, असं त्याने सभागृहात सांगितलं. ते मी प्रथम वाचलं तेव्हा रागच आला. आता त्यात लपून जगणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. आपल्याबद्दल संशय येऊ नये म्हणून मीही जेवणाच्या टेबलावर असलं काय काय बोललो आहे.

१८ जानेवारी २०१५, त्याचा छत्तिसावा वाढदिवस. आरोग्यमंत्री असलेल्या लिओने आकाशवाणीवरच्या मुलाखतीत स्वतःबद्दल सांगून टाकलं. समलिंगी पुरुषांच्या रक्तदानासारखे निर्णय त्याच्या टेबलावर येणार होते, विवाहावरचं सार्वमतही तोंडावर होतं. काही लपवून ते करायचं नव्हतं. मे महिन्यात ६२ टक्के आयरिश मतदारांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. सनातनी घरांतली मतं वळायला डाव्या कार्यकर्त्यांइतकाच असा सावध, करकपातीची भाषा बोलणारा माणूस उपयोगी पडला असावा, असं मला वाटतं.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला, शुक्रवारी, इथे दिल्लीत शशी थरूर यांनी ३७७ बदलणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडायची परवानगी मागितली. ती ७१ विरुद्ध २४ मतांनी नाकारली गेली. पाचशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात शंभर मतंही पडली नाहीत! दोन्ही देशांतले कायदे इंग्रजांचेच, आपला १८६०चा, त्यांचा १८६१चा. त्यांनी तो १९९३मध्ये संसदेतून काढला. आपल्याकडे ते काम ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केलं; कुणा खासदाराला हात वर करावा लागला नाही.

डिसेंबर २०१९मध्ये लिओ वराडला येऊन गेला. काकूंनी मला फोटो दाखवले, मग थोडं थांबून विचारलं, ‘त्याच्या जोडीदाराचं नाव काय रे?’

‘मॅथ्यू,’ मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या.