न खेळलेला अंतिम सामना

३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडने पश्चिम जर्मनीचा ४-२ असा पराभव करून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. खेळाडू एकमेकांना मिठ्या मारीत असताना त्या देशाचा सर्वांत नावाजलेला गोलवीर कोट-टाय घालून मैदानाच्या कडेला होता. त्याचे नाव जिमी ग्रीव्ह्ज.

ग्रीव्ह्जचा जन्म १९४० चा, लंडनच्या पूर्व भागातला. १७ व्या वर्षी चेल्सी क्लबकडून तो पहिला सामना खेळला आणि त्यातच त्याने गोल केला. १९६०-६१ च्या हंगामात तर त्याने एकट्याने ४१ लीग गोल केले. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूंच्या वेतनावर आठवड्याला २० पौंडांची मर्यादा होती. ती जानेवारी १९६१ मध्ये उठली. त्याच वर्षी ग्रीव्ह्ज इटलीच्या मिलान क्लबकडे गेला. परंतु तेथील कडक शिस्त त्याला मानवली नाही. काही महिन्यांतच टॉटनहॅम क्लबने त्याला ९९,९९९ पौंडांना विकत घेतले. एक लाखाचा खेळाडू हे ओझे त्याच्या डोक्यावर नको, म्हणून व्यवस्थापक बिल निकल्सन यांनी एक पौंड मुद्दाम कमी ठेवला होता. टॉटनहॅमसाठी त्याने २६६ गोल केले. क्लबचा हा विक्रम २०२३ पर्यंत अबाधित राहिला.

अशा खेळाडूला अंतिम सामन्यास मुकावे लागले, त्याचे निमित्त साधे होते. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्याची नडगी फाटली व १४ टाके पडले. त्याच्या जागी आलेल्या जेफ हर्स्टने उपउपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध विजयी गोल केला. अंतिम सामन्यापूर्वी ग्रीव्ह्ज बरा झाला होता. पण प्रशिक्षक अल्फ रॅम्झी यांनी जिंकणारा संघ बदलला नाही. बदली खेळाडू उतरविण्याची त्या काळी मुभाच नव्हती. हर्स्टने अंतिम सामन्यात तीन गोल केले. पदकेही केवळ मैदानावर उतरलेल्या अकरा जणांनाच मिळाली.

इंग्लंडकडून ५७ सामन्यांत ४४ गोल करणाऱ्या ग्रीव्ह्जने १९७१ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, अव्वल दर्जाच्या खेळाचा निरोप घेतला. पुढची काही वर्षे दारूने गिळली. संसार विस्कटला, पत्नी आयरीन दुरावली. विश्वचषकाचा घाव जिव्हारी लागला म्हणून तो प्यायला लागला, असे पुष्कळांना वाटे. ग्रीव्ह्जने मात्र ही सबब कधीही पुढे केली नाही. आपल्या व्यसनाचा दोष त्याने रॅम्झींना दिला नाही, हर्स्टला दिला नाही, नशिबालाही दिला नाही.

फेब्रुवारी १९७८ मध्ये त्याने दारू सोडली. मद्यमुक्तीसाठी धडपडणाऱ्यांच्या बैठकांना तो जाऊन बसू लागला. पुढच्याच वर्षी आत्मचरित्र लिहून त्याने आपली पडझड जगापुढे मांडली. आयरीन परतली, घर पुन्हा उभे राहिले. १९८५ पासून इयन सेंट जॉन या स्कॉटिश खेळाडूबरोबरच्या दूरदर्शन कार्यक्रमातून त्याने सात वर्षे इंग्लंडला हसविले. ज्यांनी त्याचा खेळ कधी पाहिला नव्हता, अशी एक नवी पिढी त्याच्यावर प्रेम करू लागली.

नियम बदलल्यामुळे २००९ मध्ये, त्रेचाळीस वर्षे उशिरा, पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्या हस्ते त्याला विश्वचषकाचे पदक मिळाले. पाचच वर्षांनी, २०१४ मध्ये, ते लिलावात ४४ हजार पौंडांना विकले गेले. १९ सप्टेंबर २०२१ रोजी ग्रीव्ह्जचे निधन झाले. योगायोग असा, की त्याच दिवशी टॉटनहॅम व चेल्सी एकमेकांविरुद्ध मैदानात उतरले होते.

दारू सोडल्यापासून त्या दिवसापर्यंतची वर्षेही त्रेचाळीसच भरतात. व्यसनाने घराची धूळधाण होताना ज्यांनी पाहिली आहे, त्या वाचकांना या त्रेचाळीस वर्षांचे मोल वेगळे सांगावयास नको. त्यांबद्दल कोणी पदक देत नाही. ग्रीव्ह्जनेही ते कधी मागितले नाही.