घर बदललं, बिऱ्हाड तेच : रेल्वे आरक्षणाच्या संगणकांची चाळीस वर्षं

सरकारी कारभारात संगणक आला कसा, याची चर्चा पुष्कळ होते. आलेला संगणक म्हातारा झाल्यावर त्याच्या पोटातला कारभार नव्या यंत्रावर कसा न्यायचा, याचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. आज आपण तो एका उदाहरणातून पाहणार आहोत. उदाहरण सगळ्यांच्या खिशातलं आहे : रेल्वेचं आरक्षणाचं तिकीट.

आधी संगणकापूर्वीची स्थिती पाहू. आरक्षण म्हणजे तेव्हा रजिस्टर. अमुक गाडी, अमुक तारीख, त्याचं एक पान. एक रजिस्टर एका वेळी एकाच कारकुनापुढे असणार, म्हणून गाडीनुसार खिडक्या वेगळ्या. तासभर रांगेत उभं राहिल्यावर कळायचं की या गाडीत जागा नाही, मग दुसऱ्या गाडीच्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहा. परतीचं आरक्षण हवं असेल तर दुसऱ्या शहराला तार जायची आणि उत्तराची वाट पाहायची. इथे एक गोष्ट लक्षात ठेवू. रांगेचं मूळ कारकुनाच्या आळसात नव्हतं. माहिती एकाच पानावर होती आणि पान एकाच जागी होतं, हे खरं कारण.

हे पान यंत्रात घालण्याचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. १९७५ मध्ये ती स्थापन झाली होती आणि १९७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसीनेच सांभाळली होती. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं. प्रणालीचं नाव इम्प्रेस, यंत्र अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं व्हॅक्स, आणि त्यावरची कार्यप्रणाली व्हीएमएस. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. कर्मचारी संघटनांना संगणकाची धास्ती होती, पण रांगेतल्या माणसाने निकाल लगेच देऊन टाकला.

पण एक अडचण राहिलीच. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं उभी राहिली, आणि प्रत्येक केंद्र आपापल्या गाड्यांपुरतं शहाणं. ही पाच बेटं जोडायची म्हणजे मूळ प्रणालीची मांडणीच बदलायला हवी होती. रेल्वेने १९८६ मध्ये स्थापन केलेल्या क्रिस या संस्थेने त्यासाठी कॉन्सर्ट नावाचं नवं सॉफ्टवेअर लिहिलं, फोरट्रान आणि सी या भाषांत. १९९४ मध्ये ते सिकंदराबादला सुरू झालं, आणि पाचही केंद्रं एकमेकांना जोडली जायला १९९९ उजाडलं. एका केंद्रापासून पाच केंद्रांपर्यंत पाच वर्षं! हा उशीर वाटेल, पण आपण त्याकडे सावधगिरी म्हणून पाहू. का, ते पुढे येईलच.

त्या पाच बेटांची खूण आजही आपल्या हातात असते. घरी गेल्यावर जुनी तिकिटं काढून पाहा. पीएनआरचा पहिला अंक ढोबळमानाने केंद्र सांगतो : १ म्हणजे सिकंदराबाद, २ आणि ३ दिल्ली, ४ आणि ५ चेन्नई, ६ आणि ७ कोलकाता, ८ आणि ९ मुंबई. यंत्रं बदलली, इमारती बदलल्या, पण ऐंशीच्या दशकातली वाटणी त्या अंकात शिल्लक आहे. इतिहासकाराला नाणं मिळावं, तसा हा अंक आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. व्हॅक्स यंत्रं बाजारात आली १९७७ मध्ये. १९९२ मध्ये त्याच कंपनीने अल्फा ही नवी प्रोसेसरमालिका आणली. १९९८ मध्ये ती कंपनी कॉम्पॅकने घेतली, २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत विलीन झाली, आणि एचपीने अल्फा बंद करून इटानियमचा रस्ता धरला. रेल्वेचं आरक्षण याच जिन्याने चढत गेलं. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१० मध्ये सुरू झालेली प्रणाली इटानियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएसवर चालत आली आहे. म्हणजे घर दोनदा बदललं, बिऱ्हाड तेच राहिलं. हे जमलं, कारण प्रत्येक वेळी कार्यप्रणाली विकणाऱ्याने स्वतःच पूल बांधून दिला होता. जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रासाठी पुन्हा कंपाइल करा, तपासा, चालवा.

तरी बिऱ्हाड हलवताना काचसामान जपावंच लागतं. व्हॅक्समध्ये अपूर्णांक साठवण्याची स्वतःची पद्धत होती. अल्फाने त्यातली बरीचशी यंत्रातच सांभाळली. इटानियममध्ये ती सोय नव्हती, रूपांतर सॉफ्टवेअरने करावं लागे. पैशांचा हिशेब करणाऱ्या कोणत्याही प्रणालीत असा बदल म्हणजे पै-पैची तपासणी आलीच. दुसरं उदाहरण तारखेचं. व्हीएमएस काळ मोजते १७ नोव्हेंबर १८५८ पासून, तर युनिक्स आणि लिनक्स मोजतात १ जानेवारी १९७० पासून. गंमत पाहा, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे आपली रेल्वे त्या घड्याळाच्या शून्यापेक्षाही पाच वर्षांनी मोठी! गंमत बाजूला ठेवली तरी असं गृहीतक कोडमध्ये कुठे दडून बसलंय ते शोधणं हेच स्थलांतराचं खरं काम असतं.

मग जिना संपला. इटानियमची शेवटची खेप २०२१ मध्ये गेली. ओपन व्हीएमएस सांभाळण्याचं काम २०१४ पासून एका वेगळ्या कंपनीकडे गेलं आणि २०२२ मध्ये ती नेहमीच्या एक्स-८६ यंत्रांवर आली खरी, पण ती जाणणारी माणसं जगभरच कमी होत चालली आहेत. अशा वळणावर सरकारपुढे दोनच वाटा असतात : जुना कोड उचलून नव्या यंत्रावर ठेवायचा, किंवा सगळं नव्याने लिहायचं. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियंत्रणाने दोन्ही करून पाहिलं. ऐंशीच्या दशकात त्यांनी जुना कोड आयबीएमच्या नव्या यंत्रांवर हलवला आणि ते काम पार पडलं. नंतर सगळं नव्याने लिहायची मोठी योजना १९८८ मध्ये आयबीएमला दिली, आणि १९९४ मध्ये तिचा मोठा भाग गुंडाळावा लागला.

नव्याने लिहिणं इतकं अवघड का? कारण नियम कागदावर थोडे आणि कोडमध्ये जास्त असतात. आपल्या आरक्षणात सामान्य कोटा, महिला कोटा, तत्काळ, पूल्ड कोटा आणि रिमोट लोकेशन कोटा असे थर आहेत. आरएसीमध्ये बाजूच्या एका बर्थवर दोघं बसतात. एक तिकीट रद्द झालं की रांगेतला पुढचा माणूस कोण, हे या सगळ्यांतून ठरतं. चाळीस वर्षांत प्रत्येक परिपत्रकाने कोडमध्ये एकेक अपवाद जोडला. परिपत्रक फायलीत गेलं, अपवाद चालू राहिला. तो लिहिणारा माणूस निवृत्त झाला की तो नियम का आहे हे सांगायला फक्त कोडच उरतो, आणि कोड ‘काय’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही.

तरीही थांबून चालणार नव्हतं, कारण बोजाच बदलला होता. मूळ प्रणाली खिडकीसाठी होती, तिचा वेग कारकुनाच्या बोटांचा. २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं. आज आरक्षित तिकिटांपैकी पाचातली चारहून जास्त तिकिटं तिथेच निघतात, आणि तत्काळचे दहा वाजले की सारा देश एकाच क्षणी एकाच दारावर धडक देतो. २०२५ मध्ये रेल्वेने नव्या प्रणालीची घोषणा केली, ती मिनिटाला सुमारे चौपट तिकिटं आणि दहापट चौकशा पेलण्यासाठी.

आता सिकंदराबादच्या त्या पाच वर्षांकडे परत येऊ. आरक्षण म्हणजे भविष्यातलं वचन. नोव्हेंबर २०२४ पर्यंत हे वचन १२० दिवस आधी दिलं जात होतं, आता ६० दिवस आधी. म्हणजे प्रणाली बदलायला रिकामा दिवस कधीच मिळत नाही. कोणत्याही रात्री बदला, पुढच्या साठ दिवसांची लाखो वचनं जुन्या यंत्रातून नव्या यंत्रात जशीच्या तशी उतरली पाहिजेत. एका गाडीत एका बर्थवर दोन माणसं उभी राहिली, तर तिथे भांडण सॉफ्टवेअरशी होत नाही, टीसीशी होतं. त्या माणसाच्या हातात लग्नाची पत्रिका असेल किंवा टाटा हॉस्पिटलची तारीख. म्हणून केंद्रामागून केंद्र घेतलेली ती पाच वर्षं आपल्याला आज शहाणपणाची वाटतात.

या इतिहासातून आपण घ्यायचं ते एवढंच. यंत्र जुनं होतं, ते विकत आणता येतं. जुन्या नियमांची समज विकत मिळत नाही, ती त्या खात्यातल्या माणसांकडून वेळीच लिहून घ्यावी लागते. पुढचं स्थलांतर कधी होईल सांगता येत नाही, पण ते होणार हे नक्की. त्या वेळच्या लोकांना आजच्या कोडमागची कारणं वाचायला मिळाली, तर त्यांचं काम निम्मं सोपं होईल. आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळूया.